सात थरांचं पातेलं आणि उशिरा उजळणारा दिवा

स्विश्तोव्ह,
ऑक्टोबरची अखेर

तीर्थरूप आस्पारुहमामा आणि मामी यांना डॅन्यूबच्या काठावरून भाची तेमेनुगा हिचा वाकून नमस्कार. (फार वाकता येत नाही, माझ्या कमरेचं तुम्हाला ठाऊक आहेच; पण जेवढं येतं तेवढं मी तुमच्यासाठीच राखून ठेवलेलं आहे.)

तुमचा गुडघा कसा आहे? डोंगरात थंडी उतरली असेल, तेव्हा तो बोलायला लागला असणार. मामींचा रक्तदाब, तुमच्या मधमाश्या आणि यंदाची आलुबुखारांची दारू या तिघांचीही खुशाली कळवावी. क्रम तुमच्या मर्जीने लावावा. इकडे सगळं क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

कारण खरं काय ते तुमच्या कानावर गेलंच असणार. आमच्या गावाहून तुमच्या त्रोयानला बस कधी सुटते ते ड्रायव्हरलाही सांगता येत नाही, पण बातमीला बस लागत नाही. तुम्ही ऐकलं असेल की तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची रुसान्कामावशी, वय पासष्टच्या पुढे, गावात मान, चर्चमध्ये पुढची जागा, अशी बाई सकाळच्या वेळी झोपायच्या झग्यावर दिवंगत नवऱ्याचा ओव्हरकोट चढवून गच्चीत उभी राहिली आणि तांब्याचा हंडा बडवू लागली. त्यात एका टगबोटीच्या कप्तानाचा संबंध आहे, हेही ऐकलं असेल. आणि हे सगळं तेमेनुगामुळे झालं, हे तर पहिल्याच वाक्यात ऐकलं असेल. मामा, तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण तुम्ही फोनवर ‘या वयात?’ एवढंच म्हणून रिसीव्हर ठेवलात, आणि तेव्हापासून मावशी त्या फोनवरची धूळसुद्धा पुसत नाही. म्हणून म्हटलं, बसून सविस्तर लिहावं.

सुरुवात पातेल्यांपासून झाली. सप्टेंबरात नदीकाठच्या हॉटेलात एक कार्यक्रम होता. पेन्शनर मंडळींना फुकट जेवण, आणि जेवणाच्या बदल्यात एका इसमाचं पातेल्यांवरचं भाषण ऐकायचं. अशा कार्यक्रमांत म्हाताऱ्यांना कसं गंडवतात यावर मी आमच्या वर्तमानपत्रात एकदा नाही, अनेकदा लिहिलेलं आहे. (तुम्ही तो अंक मधाच्या बाटल्या गुंडाळायला वापरलात, असं मामी म्हणाल्या. तरीही वाचक तो वाचकच.) तेव्हा मावशीला कुणी फसवू नये म्हणून मी मुद्दाम सोबत गेले. पहारेकरी म्हणून. मामा, मावशी शांतपणे स्वतःचं जेवण जेवली, मग माझं जेवली, उरलेला पाव पिशवीत टाकला आणि डोळे मिटून बसली. पातेली मी घेतली.

आता तुम्ही म्हणाल, एवढी शहाणी बाई! पण तुम्ही तिथे नव्हतात. पांढरा कोट घातलेला तो माणूस (डॉक्टरांचा कोट, फक्त खिशात थर्मामीटरऐवजी काटा) मंद आवाजात बोलत होता. तेलाशिवाय कोंबडी. पाण्याशिवाय बटाटे. खाली बीट, वर सफरचंद, आणि दोघांची चव एकमेकांना ओळखसुद्धा देत नाही. बुडाला सात थर. त्याने ते पातेलं माझ्यासमोर धरलं, आणि त्या चकचकीत पोटात मला एक बाई दिसली. ती माझ्यासारखीच होती, पण झोप पूर्ण झालेली. तिच्या मागे एक स्वयंपाकघर होतं; त्यात प्रत्येक पातेल्याला स्वतःचं झाकण होतं, झाकणं मापाने लावलेली होती, खिडकीत लख्ख ऊन होतं, आणि ती बाई कुणाचीही वाट न पाहता सूप ढवळत होती. घटस्फोटानंतर मावशीच्या माडीवर राहायला आल्यापासून मी इतकं नीटनेटकं स्वप्न पाहिलं नव्हतं. भानावर आले तेव्हा माझी सही झालेली होती आणि मांडीवर एक खोकं होतं. भेट म्हणून. त्यात वीज वाचवणारे बल्ब होते, अख्ख्या घराला पुरतील इतके.

घरी येताना मावशी एवढंच म्हणाली, “तेमेनुगे, बरं झालं तू सोबत आलीस. नाहीतर मला कुणीतरी फसवलं असतं.”

पातेली तिने कपाटावर चढवली, खाली घ्यायला शिडी लागेल अशा बेताने. निदान बल्बांचं तरी चीज करावं म्हणून मी दुसऱ्या दिवशी ती मंडईत गेलेली असताना घरातले सगळे जुने बल्ब काढले आणि नवे बसवले. जुने, उष्ण, पिवळे, आगाऊ बल्ब. आता युरोपातल्या साहेबांनी त्यांना बंदी घातली आहे, दुकानातही मिळत नाहीत. मी ते जबाबदार नागरिकासारखे कचऱ्याच्या पेटीत एकेक करून टाकले. फुटताना त्यांचा आवाज फार गोड येत होता, हे आता कबूल करायला लाज वाटते.

नवा बल्ब तुम्ही पाहिला आहे का? डुकराच्या शेपटीसारखा पिळलेला असतो. बटण दाबलं की लगेच पेटत नाही. आधी विचार करतो. मग पाणी घातलेल्या दुधासारखा काहीतरी रंग काचेत फिरतो. मग तुम्ही चाचपडत मीठ शोधता, ते साखर निघतं, आणि तेवढ्यात महाराज हळूहळू डोळे उघडतात, सरकारी कचेरीत दुपारच्या जेवणानंतर उघडतात तसे. पण खरं सांगू? मला तो आवडायला लागला होता. बटण दाबल्यापासून उजेड येईपर्यंतची ती मधली वेळ कुणाचीच नसते. खिडकीत ओळीने ठेवलेली सफरचंदं असतात, पण अजून लाल झालेली नसतात. टेबल असतं, पण त्यावरचे डाग नसतात. बाहेर नदी वाहत असते, ती खिडकीच्या काचेतून आत आल्यासारखी वाटते, आणि आपण भांड्यांसकट हळूहळू समुद्राकडे निघालो आहोत असा भास होतो. मी कितीदा तरी उगाच खाली मावशीच्या स्वयंपाकघरात जाऊन बटण दाबून उभी राहत असे. वीज वाचत होती ती वेगळीच.

आता कप्तानाचं. तुम्ही डोंगरात राहायला गेलात त्याला इतकी वर्षं झाली की आपल्या काठावरची रीत विसरला असाल. टगबोट घरासमोरून जाताना बोटीवरचा माणूस भोंगा वाजवतो, आणि घरातली बाई स्वयंपाकघरातला दिवा एकदा लावून विझवते. ‘जेवलास का’, ‘जेवले’, एवढाच त्याचा अर्थ. ‘काम्चिया’ नावाची टगबोट आहे, वाळू वाहणारे सपाट, बिनइंजिनाचे पडाव ओढत वर विदीनला आणि खाली सिलिस्त्राला जाते. तिचा कप्तान झहारी आपल्या दिमोमावसांचा जुना सोबती. मावसा गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात त्याने घरासमोर भोंगा वाजवला, आणि मावशीने हात पुसत दिवा एकदा लावून विझवला. तेव्हापासून हे चालू आहे. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांचा खेळ आहे, खेळू द्यावं. मला हे माहीत नव्हतं की या खेपेला वर जाताना तो पाणी भरायला धक्क्यावर थांबला, टोपी हातात घेऊन उभा राहिला, आणि म्हणाला:

“रुसान्का, मी नदीवरचा माणूस. तोंडावर उत्तर ऐकायची मला सवय नाही. परत येताना भोंगा वाजवीन. दिवा दोनदा लावलास, तर लग्न करू. एकदा लावलास, तर आजवर होतं तसंच राहू. लावलाच नाहीस, तर यापुढे भोंगा वाजवून तुला त्रास देणार नाही.”

हे मंडईच्या आदल्या दिवशी झालं. म्हणजे मी शिडीवर चढून तिच्या स्वयंपाकघरातला बल्ब काढत होते, तेव्हा मावशी मंडईत टोमॅटो दाबून बघत मनातल्या मनात ‘दोनदा’ म्हणत फिरत होती.

काही दिवसांनी एका संध्याकाळी भोंगा वाजला. मावशी पिठाच्या हातांनी धावली. लाव, विझव. लाव, विझव. बटणाने आपलं काम चोख केलं. पण त्या डुकराच्या शेपटीला एवढ्या घाईत जाग येते थोडीच! काचेत जरासं दूध हललं असेल, नसेल. नदीवरून दिसली ती फक्त काळी खिडकी. ‘काम्चिया’ पडाव ओढत खाली निघून गेली, आणि वळणावर नेहमी वाजतो तो दुसरा भोंगा वाजला नाही.

मी माडीवरून उतरले तेव्हा ती अंधारात बसली होती. मी आपली कौतुकाने म्हणाले, “वा मावशी! आता तर दिवाही लावत नाहीस. किती वीज वाचत असेल!”

तिने हातांवर वाळलेलं पीठ खरवडून काढलं. मग तिने सगळं सांगितलं, अगदी हळू, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगतेय. आणि शेवटी म्हणाली, “तुझी वीज वाचली ना, पोरी? मग झालं.”

मामा, ती चिडली असती तर मी तोंड चालवलं असतं. त्याचा मला सराव आहे. ती चिडली नाही. तिने उठून पीठ मळायला घेतलं, आणि ते इतकं मळलं की त्याचा पाव फुगलाच नाही.

मी म्हटलं, फोन करू. माझ्याकडे बंदराच्या कचेरीचा नंबर आहे. “खबरदार!” ती म्हणाली. “फोनवर ‘हो’ म्हणायला मी काय गॅसचं सिलिंडर मागवतेय? त्याने नदीवरून विचारलंय, नदीवरच सांगीन.” तेव्हा उरला एकच मार्ग. ‘काम्चिया’ रिकामे पडाव घेऊन पुन्हा वर जाणार होती. तो भोंगा वाजवो न वाजवो, आपण दोनदा उजेड दाखवायचा. म्हणजे जुना बल्ब हवा. मी गावातली सगळी दुकानं फिरले. एका दुकानदाराने तर मला बाजूला घेऊन विचारलं, “बाई, तुम्हाला कुणी पाठवलंय?” जणू मी बंदूक मागत होते. शेजारच्या वेनेताकडे संडासात एक जुना बल्ब अजून जळतो. ती म्हणाली, “तुझ्या मावशीसाठी जीव देईन, पण तो माझ्या नवऱ्याच्या वाचनाचा दिवा आहे.”

मग मला सुचलं: फ्रिज! आतला छोटा बल्ब जुन्या वळणाचा असतो, दार उघडलं की लगेच पेटतो. आम्ही दोघींनी फ्रिज ढकलत ढकलत खिडकीशी नेला, तोंड नदीकडे. उजेड बाहेर जावा म्हणून आतलं सगळं उपसलं. चीज, लोणच्याच्या बरण्या, यंदा केलेली लाल मिरच्यांची चटणी, सगळं जमिनीवर. मावशीने दार उघडायचं, मिटायचं, आणि मी धक्क्यावरून बघायचं, अशी तालीम ठरली. मी संध्याकाळच्या अंधुक उजेडात धक्क्यावर उभी राहिले. शेजारी एक कोळी जाळं आवरत होता.

“काय बघताय बाई?”

“फ्रिज.”

त्याने माझ्या नजरेच्या दिशेने पाहिलं. लांब, आमच्या खिडकीत, काजव्याएवढं काहीतरी लुकलुकलं. तो म्हणाला, “बिघडलेला दिसतोय.” आणि माझ्यापासून थोडा दूर जाऊन बसला.

तरीही दिसत होतं, मामा! बारीक, पण दिसत होतं. आम्ही खुशीत होतो. मावशीने केस धुतले. आणि ज्या सकाळी ‘काम्चिया’ यायची होती त्या सकाळी धुकं उतरलं.

आपल्या नदीचं धुकं मी तुम्हाला काय सांगू! आधी पलीकडचा रुमानियाचा काठ गेला. मग नदी गेली. मग धक्का, मग अंगणातलं अक्रोडाचं झाड, आणि शेवटी गच्चीचा कठडा. घर असं तरंगत राहिलं की पायरी उतरायची भीती वाटावी. सगळा गाव कापसात बांधून कुणीतरी माळ्यावर ठेवून दिला होता. फ्रिजचा बल्ब त्यात काय करणार? मावशी ओव्हरकोट घालून फ्रिजजवळच्या खुर्चीत बसली होती. दार तिने उघडलंही नाही.

आणि तेव्हा धुक्यातून घंटा वाजली. धुक्यात बोटी पुढे जात नाहीत. नांगर टाकतात आणि कुणी येऊन धडकू नये म्हणून थोड्या थोड्या वेळाने घंटा बडवतात. ही घंटा जरा फुटकी वाजत होती. मावशी उठून उभी राहिली. “त्याची आहे,” ती म्हणाली. “गेल्या हिवाळ्यात बर्फाने तडा गेलाय तिला. अगं, तो इथेच थांबलाय. समोर!”

समोर म्हणजे कुठे, ते देवालाच दिसत असेल. पण ज्याला आम्ही दिसत नव्हतो, त्याला आम्ही ऐकू तर जाणार होतो! मी शिडी लावली, कपाटावरून सर्वांत मोठं सात थरांचं पातेलं काढलं आणि पळी घेऊन गच्चीत जाऊन जीव खाऊन हाणली. मामा, पिठाच्या पोत्यावर बुक्की मारल्यासारखा आवाज आला. पुन्हा हाणली. पुन्हा तेच. उष्णता बाहेर जाऊ देत नाही म्हणून मी ते घेतलं होतं. आवाजही बाहेर जाऊ देत नाही हे त्या पांढऱ्या कोटाने सांगितलं नव्हतं. मावशीने मला खांद्याने बाजूला केलं. तिने कोपऱ्यातून चटणी शिजवायचा तांब्याचा हंडा ओढून आणला, कठड्यावर पालथा घातला, लाकडी डाव उचलला, जरा थांबली (मला वाटतं, त्या वेळी ती दिमोमावसांशी काहीतरी बोलली, ओठ हलले होते) आणि एकदा मारला. तो आवाज धुक्यात गेला आणि जातच राहिला. मग दुसरा.

घंटा थांबली.

गावातल्या खिडक्या उघडल्याचं ऐकू येऊ लागलं. “कोण गेलं?” “पूर आला का?” “अहो, रुसान्काकडून आवाज येतोय!” मावशी डाव हातात धरून उभी, डोळे मिटलेले. आम्ही दोघींनी कान इतके टवकारले होते की धुकं कठड्यावरून सरकताना ऐकू यावं. आणि मग नदीतून, आमच्या अंदाजापेक्षा खूप जवळून, भोंगा वाजला. दोनदा.

मावशी त्या पालथ्या हंड्याला टेकली. हसत होती की रडत होती ते धुक्यात नीट दिसलं नाही. वेनेता खालून ओरडली, “अगं कोण गेलं ते तरी सांग!” मावशी ओरडली, “मी!”

तर अशी हकिगत. येत्या रविवारी लग्न आहे, नाताळचा उपवास लागून लग्नं बंद व्हायच्या आत. त्यानंतर मावशी बोटीवरच राहणार. बोटीवरचं स्वयंपाकघर कपाटाएवढं आहे, तेव्हा आयुष्यभराची भांडी मांडून काय न्यायचं आणि काय ठेवायचं हे ती ठरवत बसली आहे, आणि मी स्टुलावर बसून बघते. अशी खरेदी करायला मी शिकले असते तर! ती माझ्यासारखी पातेल्याची चमक बघत नाही. एका हाताने उचलून बघते, कारण दुसरा हात बोटीवर कठड्यालाच असायचा. झाकण हलवून बघते. बुडाचा आतला कोपरा बोटाने चाचपते, तिथे अन्न अडकतं का म्हणून. कान तुटलेलं इनॅमलचं पातेलं घेतलं, बिडाचा तवा घेतला, आणि हंडा नवी कल्हई करून घेतला. माझा संच मी आहेर म्हणून पुढे केला. तिने माझ्या गालावर हात फिरवला आणि म्हणाली, “ठेव तुला. तुला स्वप्न पडलं होतं ना त्यात.” (मी तिला ते कधीच सांगितलं नव्हतं. मला वाटतं, त्या हॉटेलात तिने डोळे पूर्ण मिटले नव्हते.)

मामा, ती तुमच्याबद्दल बोलत नाही, पण दाराचा आवाज झाला की मान वळवते. ‘या वयात?’ असं तुम्ही विचारलंत. या वयातच, मामा. त्या वयात दिमोमावसा होते. गुडघा घेऊन या, मामींना घेऊन या, आलुबुखारांची ती राकियाही घेऊन या. आणि आल्यावर फोनबद्दल काही बोलू नका. सरळ तिच्या डोक्यावर हात ठेवा.

थोरांना नमस्कार, मधमाश्यांना अंतर राखून आशीर्वाद.

तुमची आज्ञाधारक (अधूनमधून) भाची,
तेमेनुगा

ता. क. – मामींना सात थरांचा पातेल्यांचा सुंदर संच हवा असेल तर माझ्याजवळ एक आहे, जवळजवळ न वापरलेला. एका पातेल्याला बाहेरून पळीचे दोन खड्डे आहेत, पण आतून ते सहाव्या थरापर्यंतही गेलेले नाहीत.

ता. क. २ – जुने बल्ब बंद होणार असं ऐकून तुम्ही तेव्हा दुकानातली खोकीच्या खोकी उचललीत आणि कपाटात हिवाळी मोज्यांखाली लपवून ठेवलीत. मामींनी मला हे गुप्त ठेवायच्या अटीवर सांगितलं होतं, आणि मी नाव न घेता त्यावर एक अख्खा लेख लिहिला. तो लेख तुम्ही वाचला नाहीत असं धरून विचारते: त्यातले थोडे आणाल का? शंभर वॅटचे. मोज्यातच गुंडाळा आणि बसमध्ये मांडीवर ठेवा. कुणी विचारलं तर अंडी म्हणा.

ता. क. ३ – मावशीला नकोत, बोटीवर कंदील आहे. मलाच हवे आहेत. झहारीने तिला कबूल केलंय की आपल्या घरासमोरून जाताना भोंगा तिनेच वाजवायचा. तेव्हा खिडकीत मी असेन, मामा, आणि उत्तर द्यायला उशीर करून मला चालणार नाही.